सूर्याला झालरीचं कव्हर

कोणतीही वस्तू वापरल्याने जुनी होते, हे निर्विवाद आहे. म्हणून वस्तू नवी राहावी असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी ती वापरू नये, हे ओघानंच आलं. लालबागच्या आतल्या गल्लीतली सातेरीकृपा सहकारी गृहनिर्माण संस्था या तत्त्वाला पहिल्यापासून जागत आली आहे. इथे मिक्सरला कव्हर आहे, वॉशिंग मशीनला कव्हर आहे (पाण्याने खराब होऊ नये म्हणून), सोफ्याला कव्हर आहे आणि त्या कव्हरवर चादर आहे. लिफ्टच्या भिंतींना ओरखडे पडू नयेत म्हणून ठोकलेलं प्लायवूड आता इतकं जुनं झालंय, की आतली भिंत स्टीलची आहे हे केवळ ऐकीव माहितीवर मानायचं.

चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर गंगुबाई राहतात. शनिवारी कोपऱ्यावरच्या मारुतीला आपल्या हाताने तेल वाहायचं आणि मगच घास घ्यायचा, हा त्यांचा नेम. यजमान गिरणीत होते तेव्हापासूनचा. लिफ्ट बंद झाली आणि तो मोडला. लिफ्ट बिघडली वगैरे नव्हती. तिचं वीजबिल पहिल्या मजल्याने का भरावं, असा सवाल पहिल्या मजल्याने केला. सवाल न्याय्य होता, म्हणून लिफ्टच बंद करण्यात आली. (गंगुबाईंच्या गुडघ्यांचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.) तेलाची वाटी घेऊन सून सीमा खाली जाऊ लागली. तेल मारुतीला पोचत होतं, पण गंगुबाईंना शनिवारचा घास गोड लागेना.

तेव्हा सचिव जयवंतरावांनी तोडगा काढला. गच्चीवर सोलर पॅनल बसवायचे आणि लिफ्ट फक्त सूर्याच्या विजेवर चालवायची. सूर्य पहिल्या मजल्याला बिल पाठवत नाही. ठराव झाला, की जिन्याखालच्या मीटरवर सौर युनिट दिसू लागल्याखेरीज लिफ्टचा स्विच कोणीही लावू नये.

पॅनल आले. त्यांना हळदकुंकू वाहिलं, नारळ दाखवला (फोडला नाही, काचेवर पाणी उडालं असतं). ती निळीशार, चकचकीत काच पाहून सगळ्या सभासदांच्या मनात एकच विचार आला. संस्थेच्या इतिहासात असं एकमत पूर्वी झालेलं नाही.

खजिनदार इरावतीबाईंनी त्याच संध्याकाळी टेप आणून माप घेतलं. कव्हर शिवण्यात त्यांचा हात धरणारं परळपासून शिवडीपर्यंत कोणी नाही. जाड कापडाचं, आतून अस्तर लावलेलं, कडेला झालर असलेलं कव्हर तयार झालं. कबुतरं, धूळ, समोरच्या टॉवरचं सिमेंट, सगळ्यांपासून पॅनल शंभर टक्के सुरक्षित झाले. पुढे उन्हाने कव्हरचा रंग उडायला लागला, तेव्हा त्यावर जुन्या चादरींचं दुसरं कव्हर चढवण्यात आलं.

मीटरवर शून्य. समितीने संयम बाळगला. नवीन वस्तू आहे, रुळायला वेळ लागणारच. शेवटी जयवंतरावांनी कंपनीला फोन लावला.

"पॅनलवर ऊन नीट पडतंय ना?" तिकडून विचारलं.

"ऊन?" जयवंतराव दुखावले. "अहो, कवडसा लागू दिलेला नाही. पेटीतून काढले तस्से आहेत."

तिकडून फोन ठेवण्यात आला. कंपनीकडे उत्तर नाही, अशी नोंद जयवंतरावांनी केली.

इकडे गंगुबाई दर शनिवारी विचारायच्या, "सीमा, सूर्य इलो काय गे मीटरात?"

"नाही ओ आई."

मग रथसप्तमी आली. खाली उतरणं जमणारं नव्हतं, पण गच्ची एकच जिना वर. कठडा धरत, सीमाच्या खांद्यावर भार टाकत गंगुबाई अर्घ्याचा तांब्या घेऊन चढल्या. किल्ली जयवंतरावांकडे, म्हणून तेही हजर होते.

"जयवंता, ह्यां काय झाकून ठेवलंस?"

"सोलर, काकी. बघा कसं जपलंय."

"आणि सूर्य खंयसून येतलो?"

"वरून."

"वरसून येवन खंय जातलो?"

जयवंतरावांनी वर पाहिलं, मग झालरीकडे पाहिलं. प्रश्न तांत्रिक होता. "हे समितीपुढे ठेवावं लागेल, काकी."

"ठेव रे बाबा. पण आज तेचो दिवस. देवळातलो पडदोसुद्धा आरतीक बाजूक करतत."

देवाचं नाव निघालं की ठराव लागत नाही. दोन्ही कव्हरं उतरली. गंगुबाईंचं अर्घ्य देऊन होतंय तोच जिन्याखालून इरावतीबाईंचा आवाज आला, "जयवंतराव, मीटर बिघडलं हो. आकडे पळायला लागलेत."

तातडीची सभा झाली. पॅनल उघडे ठेवले तर दोन वर्षांत जुने दिसतील, आणि लिफ्ट चालवली तर लिफ्ट झिजेल, हे दोन्ही मुद्दे बिनतोड होते. अखेर मधला मार्ग निघाला. दर शनिवारी दहा ते अकरा पॅनल दर्शनासाठी उघडावेत आणि तेवढा वेळ लिफ्ट सुरू ठेवावी. (पहिल्या मजल्याने तत्त्व म्हणून विरोधात मत दिलं.)

त्या शनिवारी गंगुबाईंनी कपाटातून एक खोकं काढलं. मुलाने पहिल्या पगारात घेतलेलं रेशमी लुगडं. चांगल्या प्रसंगासाठी ठेवलेलं.

"आज नेसताय?" सीमाने विचारलं.

"मग कधी? माका नेतीत तेव्हा?"

घडी उलगडली. एकदाही न नेसलेलं ते लुगडं घडीघडीवर विरलं होतं. विरलेला भाग निऱ्यांत दडवून गंगुबाई ते नेसल्या, लिफ्टने खाली गेल्या आणि आपल्या हाताने तेल वाहून आल्या. मारुतीशी बोलणं तेवढं आटोपतं घ्यावं लागलं, कारण अकराला सूर्य झाकतात.

सातेरीकृपाला हसणं सोपं आहे. हसून झालं की आपल्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लॅस्टिक तपासावं. मग शोकेसमधले चांगले कप पाहावेत, जे पाहुण्यांसाठी आहेत. त्या कपातून एकदाही चहा न पिता घरातलं जे माणूस गेलं, त्याचा फोटो तिथेच वर लावलेला असेल. त्याला चंदनाचा हारही असेल, आणि हाराला धूळ लागू नये म्हणून त्यावरचं प्लॅस्टिक आपण अजून काढलेलं नसेल.