बोरजाईच्या तळ्याचं माहेरपण

बुधवारी सकाळी, चहाला अजून उकळी फुटायची होती तेव्हा, बोरजाईचं तळं आमच्या कॅरव्हॅनची पायरी चढून आत आलं आणि माझ्या गादीवर बसलं. पाय पुसणं वगैरे काही नाही.

मी घाबरले नाही. मला राग आला. या तळ्याचं आणि माझं जुनं वैर आहे. माझं माहेर त्याच्या पोटात आहे. बोरजाई हे गाव होतं, चांगलं नांदतं. तिथं धरण झालं, गाव बुडालं, आणि वरून या तळ्यानं आमच्याच गावाचं नाव लावलं. बायका पंचमीला माहेरी जातात, बाळंतपणाला जातात, काही नाही तर भांडून जातात. मला भांडायचीसुद्धा सोय नव्हती, कारण जाणार कुठं? आई-वडील दुसऱ्या गावाच्या माळावर पत्र्याच्या खोलीत राहिले आणि लवकरच गेले. सासूबाई म्हणायच्या, हिला काय, मागं ना पुढं. खरंच होतं ते.

आणि आमच्या चिरंजीवांनी, संग्रामनं, म्हाताऱ्या आईला खूश करायला ही कॅरव्हॅन भाड्यानं घेतली. चाकांवरची खोली म्हणा, आत गादी, शेगडी, मोरी, सगळं. ती आणून लावली नेमकी याच तळ्याच्या काठच्या उद्यानात. "आई, अगदी पाण्यासमोरची जागा मिळाली बघ." म्हटलं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? तर म्हणे, तुझ्या आठवणी जाग्या होतील. आठवणींना काय चाटायचंय.

"तुला कुणी बोलावलं?" मी तळ्याला विचारलं.

"सूनबाईंनी," तळं म्हणालं. "काल माझी ओटी भरली त्यांनी."

मी मानसीकडे, माझ्या सुनेकडे, पाहिलं. तिनं मान खाली घातली. मंगळवारी संध्याकाळी खण, नारळ, तांदूळ, हळकुंड घेऊन ती काठावर गेली होती. नदीची ओटी भरतात, मग तळ्यानं काय घोडं मारलंय, असं तिला वाटलं. बरं, भरली ती भरली, वर हात जोडून म्हणाली, "हे घर तुझंच समज, चार दिवस माहेरपणाला ये." आयजीच्या जिवावर बायजी उदार.

"अहो आई, तसं म्हणायची पद्धत असते," मानसी पुटपुटली.

"पद्धत असते म्हणूनच ते आलंय."

ओटी भरून माहेरपणाला बोलावलेली लेक दारात आली, की तिला परत लावता येत नाही. हे मानसीला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि तळ्याला तर पक्कं माहीत होतं.

ते सरकून बसलं, म्हणून मावलं. मासे त्यानं आपणहून मोरीत सोडले. चहा दिला तो बशीत ओतून प्यालं आणि म्हणालं, "जरा पाठ टेकते कुठं बघू दे. इतकी वर्षं धरणाच्या भिंतीला रेटून पडायचं म्हणजे काय ते माझं मला ठाऊक. लोक येतात, पाय धुतात, गाड्या धुतात. बस म्हणून कुणी म्हणालं नाही."

"आम्हालाही बस म्हणालं नाही कुणी," मी म्हणाले. "ऊठ म्हणाले."

तळं आडवं झालं आणि झोपलं.

एवढ्यात संग्रामनं बाहेरून हाक मारली. "आई, बाहेर ये जरा."

मी पायरी उतरले. समोर तळ्याची जागा रिकामी पडली होती. उतारभर चिखल, आणि खाली तळाशी बोरजाई. देवळाचं जोतं, पाणवठ्याच्या पायऱ्या, आमची गल्ली. वडाचं खोड काळं होऊन उभं होतं आणि त्याच्या डाव्या हाताला आमचं घर. मला शोधावं लागलं नाही. मी पदर खोचला आणि निघालेच होते, तेवढ्यात जीप आली.

जीपमधून धरणाच्या कचेरीतले सरनोबत साहेब उतरले. बूट काढून माझ्या मागोमाग कॅरव्हॅनमध्ये आले, झोपलेल्या तळ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मावशी, हे आमचं आहे. याला आत्ताच्या आत्ता जागेवर पाठवा."

"तुम्ही याचे कोण?"

"मी भिंतीकडचा."

"म्हणजे सासरचे."

साहेबांनी जरा विचार केला. "तसं म्हणायला हरकत नाही."

"मग सासरच्या माणसासारखं वागा. लेक सकाळी आली, अजून तिच्या पोटात अन्न नाही, आणि तुम्ही न्यायला हजर."

"उद्यानात लोक तलाव बघायला आलेत, चिखल बघायला नाही. आणि मावशी, आमच्या नियमात माहेरपण नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाव उठवलं तेव्हाही अंगणात असाच एक साहेब उभा होता. माझ्या आईनं त्याला विचारलं होतं, लेकी यायच्या कुठं? तो म्हणाला होता, नियमात घरं आहेत, लेकी नाहीत. आई गप्प बसली. मी आईसारखी नाही.

"साहेब, आज वार कुठला?"

"बुधवार."

"तुमच्याकडे बहिणीला बुधवारी पाठवतात?"

सरनोबत साहेबांनी टोपी काढून हातात घेतली.

"जाशील बुधी तर येशील कधी," मी म्हणाले. "ऐकलंय ना?"

"ताईला एकदा पाठवलं होतं," ते म्हणाले. "वडिलांनी ऐकलं नाही कुणाचं."

"मग?"

"परत आली नाही."

मानसीनं त्यांना चहा दिला. तो त्यांनी उभ्यानंच घेतला. उद्या सकाळी ऊन पडलं की तळं खाली पोचवायचं, असं ठरलं. लोकांना काय सांगायचं ते आम्ही बघतो, म्हणाले. जाताना त्यांनी जीप ढकलत लांब नेली आणि मग सुरू केली, तळ्याची झोप मोडू नये म्हणून.

मी मानसीला सांगितलं, पुरण शिजत घाल, आणि तळ्याला कामाला लावू नकोस. तळ्यानं एक डोळा उघडला.

"कुठं निघालीस?"

"माहेरी," मी म्हणाले.

चिखल पोटरीपर्यंत होता. चपला हातात घेतल्या. आमच्या घराच्या भिंती कमरेएवढ्या उरल्या होत्या. दाराची चौकट वडिलांनी जाताना उपटून नेली होती. मी तिथं उभी राहिले. लेक आली की आई भाकरतुकडा ओवाळून टाकते आणि मग आत घेते. मी बराच वेळ उभी राहिले. कोण येणार होतं? मग एक सणसणीत शिवी हासडली, कुणाला ते विचारू नका, आणि आत गेले.

चुलीपाशी चिखलातच बसले. आईला सांगायचं राहिलेलं सगळं मोठमोठ्यानं सांगितलं. सासूबाईंचं सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, दोन्ही बाळंतपणांत कसं कुणी डोकं दाबायला नव्हतं ते सांगितलं. तू त्या साहेबापुढं गप्प का बसलीस, हेही विचारलं. रात्री तिथंच राहिले. माहेरी आलेली बाई संध्याकाळी परत फिरत नाही.

सकाळी ऊन पडलं आणि मी वर निघाले. तळं खाली येत होतं. मानसीनं त्याची पुन्हा ओटी भरली होती, पुरणपोळ्या बांधून दिल्या होत्या. उतारावर आम्ही समोरासमोर आलो.

"कुणी होतं का घरी?" तळ्यानं विचारलं.

"कुणी नव्हतं."

"तुमची चूल हलू दिली नाही कधी," ते म्हणालं. "पूर आले तरी."

"उपकार झाले," मी म्हणाले. राग गेला नव्हता. तो जाणारही नाही.

ते बाजूनं सरकून खाली गेलं. पाणी गल्लीत शिरलं, आमच्या भिंतींपाशी आलं, मग आत गेलं. तोवर मी तिथंच उभी होते.

वर संग्राम गाडी आवरत होता. माझ्या पायांकडे बघून त्याचा चेहरा उतरला. "चुकलंच माझं, आई. पुढच्या वर्षी आपण समुद्रावर जाऊ."

"इथंच यायचं," मी म्हणाले. "चार दिवसांची जागा घे."

"चार दिवस? या एवढ्याशा गाडीत, आपण आणि तळं?"

"गाडीत तुम्ही दोघं आणि तळं," मी म्हणाले. "मी घरी असेन."