नऊ किलोची नवरी

"या लग्नात हळदीची ताटं मी सजवणार. एकही ताट बाहेर द्यायचं नाही," असं परेशबाबू सरखेलांनी भाच्याच्या लग्नाआधी तीन महिने जाहीर केलं. वर हेही सांगितलं, की मुलीकडची शांतिपूरची माणसं ती ताटं जन्मभर विसरणार नाहीत. यातला दुसरा भाग अक्षरशः खरा ठरला.

ही घोषणा ऐकून कृष्णनगरच्या घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण परेशबाबूंनी टपाल खात्यात छत्तीस वर्षं पाकिटांवर शिक्के मारले होते आणि तेवढ्या काळात त्यांच्या हातून गोल शिक्क्याखेरीज दुसरी कुठलीही आकृती उमटल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. खिळा ठोकायला घेतला तर भिंतच खाली यायची. बायको, जयंती, त्यांच्या हातात कपबशीसुद्धा दोन्ही हातांनी द्यायची.

पण त्याआधीचे परेशबाबू कुणाला माहीत नव्हते. दहा वर्षांचे असताना ते शाळा बुडवून घूर्णीच्या कुंभारांकडे जाऊन बसत. तिथले लोक मातीची माणसं करायचे, अगदी टाळूवरच्या टकलासकट. छोटा परेशही करायचा. एकदा त्याने शाळेच्या हेडमास्तरांचं मातीचं डोकं केलं आणि ते इतकं हुबेहूब निघालं, की वडिलांनी कान धरून घरी आणला. "पुन्हा मातीला हात लावलास तर याद राख," एवढंच ते म्हणाले. परेशने याद राखली, ती बासष्टाव्या वर्षापर्यंत.

आता ही खुमखुमी पुन्हा का आली? तर तिला कारण होत्या बीनापिशी.

नवरी मुलगी तितिर. तिची आई लहानपणीच गेली, तेव्हा तिला वाढवलं ते तिच्या पिशीने, म्हणजे आत्याने. बीनापिशींनी मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला, लग्न केलं नाही, आणि धाकटा भाऊ, म्हणजे तितिरचे वडील, परीक्षेच्या निकालाला घाबरावं तसे त्यांना अजून घाबरायचे. लग्न ठरवायला सगळे शांतिपूरला गेले तेव्हा पिशींनी नवऱ्या मुलाला पहिला प्रश्न विचारला, "जलंगी नदीचा उगम सांगा."

"उगम माहीत नाही," बुबाई म्हणाला, "पण आमच्या मागच्या दारावरून जाते."

पिशींनी तोंडातलं पान या गालातून त्या गालात सरकवलं. "आमची तितिर अल्पनेची रांगोळी काढते, कांथ्याच्या गोधड्या शिवते. तुमच्या घरात कुणाच्या बोटांत काही आहे, की सगळे कोरडेच?"

बुबाईची आई, बेलादिदी, गडबडली. लग्न हातातून जातंय असं वाटून तिने शेजारी बसलेल्या धाकट्या भावालाच पुढे केलं. "आहे ना! हा आमचा परेश. लहानपणी घूर्णीत शिकलाय. हळदीची ताटं हाच सजवणार आहे."

"बघू," पिशी म्हणाल्या. त्यानंतरचे दोन तास परेशबाबू त्यांच्या समोरच्या खुर्चीत रसगुल्ला हातात धरून बसून होते आणि भीतीने त्यांची नजर पिशींच्या चेहऱ्यावरून हलली नव्हती. हे लक्षात ठेवा.

मग तीन महिने घरात चालायला जागा राहिली नाही. परेशबाबू साड्यांच्या घड्या घालून मोर करत, उपरण्याचा राजहंस करत. पहिला मोर कोंबडीसारखा झाला, दुसरा आजारी कोंबडीसारखा. पण विसाव्या-पंचविसाव्या मोराला मान आली. त्या दिवशी जयंतीने त्यांना एकटेच मोराशी बोलताना पाहिलं. ती चहा ठेवून गेली, आणि त्या दिवसापासून तिने कपबशी एका हाताने द्यायला सुरुवात केली.

लग्नाच्या सकाळी कोळ्याने रोहू आणून टाकला. नऊ किलोचा! हळदीच्या ताटांत मुख्य मान याचाच. नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद आणि नवरीसारखा नटवलेला रोहू मुलीच्या घरी पोचल्याशिवाय तिकडे मुलीला हळद लागत नाही. लोक साधारण एक लाल फडकं गुंडाळतात, तोंडात पानाचा विडा खुपसतात आणि मोकळे होतात. परेशबाबू दार लावून बसले.

शेला पांघरवला. कपाळावर चंदनाचे ठिपके काढले. शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या हलक्या गाभ्याचा छोटा पांढरा मुकुट स्वतः कोरला होता, तो बसवला. मग नथ घालायची वेळ आली आणि अडचण ध्यानात आली. माशाला नाक कुठे असतं? त्यांनी मिठाईसाठी आणलेला छेना मळून घेतला आणि नाक घडवायला लागले. ओला, मऊ गोळा बोटांना लागला मात्र, बावन्न वर्षं कुठेतरी कोंडून पडलेलं काहीतरी मोकळं झालं. त्यांना रडू आलं. रडतारडताच त्यांनी नाक केलं, किंचित बाकदार. मग गाल भरले. काजळाने भुवया काढल्या, त्या आपसूक जाड झाल्या आणि मध्ये जुळल्या. विडा पडू नये म्हणून ओठांच्या कोपऱ्यांत दोन टाके घातले. शेवटी दृष्ट लागू नये म्हणून तीट हवी, तर हनुवटीच्या डाव्या बाजूला एक लवंग टोचली. हे सगळं कुठून सुचतंय याचा त्यांनी विचारच केला नाही. हात चालत होता, ते मागून जात होते.

जयंतीने आत डोकावून पाहिलं. "अहो, हिला मी कुठेतरी पाहिलंय."

"सगळ्या नवऱ्या सारख्याच दिसतात."

"नाही हो. हिच्यापुढे मला एकदम ताठ बसावंसं वाटतंय."

"यालाच कला म्हणतात," परेशबाबू म्हणाले आणि त्यांनी रोहूवर लाल कापड झाकलं. बेलादिदी हळदीच्या वाट्या मोजत होती, तिने कापड उचलूनही पाहिलं नाही. "परेश, माझी लाज तुझ्या हातात आहे," एवढं मात्र ती तीनदा म्हणाली.

शांतिपूरला शंख वाजले. बायकांनी जीभ हलवत उलूचा मंगल गजर केला. ताटं एकेक करून अंगणात उतरली. मोर पाहून "अगं बाई" झालं, राजहंसाला एका म्हातारीने हात लावून बघितला. तितिर पिवळी साडी नेसून पाटावर बसली होती, सवाष्णी हळदीची वाट पाहत होत्या. परेशबाबूंची छाती वीतभर फुगली. सगळ्यात शेवटी त्यांनी रोहूचं ताट मधोमध ठेवलं आणि झटक्यात कापड ओढलं.

शंख थांबला. उलू अर्ध्यात तुटला. कुणाच्या तरी हातातून पळी पडली आणि ती फरशीवर फिरत राहिली, तेवढाच आवाज.

परेशबाबूंना वाटलं, माणसं भारावली. त्यांनी नम्रपणे मान झुकवली.

तितिरचे वडील, मणिमोहन, पुढे आले. त्यांचा चेहरा छेन्यापेक्षा पांढरा पडला होता. "हे... तुम्ही केलंत?"

"सगळं या दोन हातांनी."

"मुद्दाम?"

"म्हणजे काय! चुकून होतं का असलं काम? तीन महिने डोक्यात दुसरं काही नव्हतं."

"तीन महिने," मणिमोहन पुटपुटले आणि त्यांनी खांबाला धरलं.

"बघा ना, ओठ कसे खाली वळलेत. मुळात रोहूचेच तसे, मला फारसं काही करावंच लागलं नाही. आणि ही लवंग, ती खास माझी."

मागे एका बाईने तोंडात पदर कोंबला. मणिमोहननी हाक मारली, "मोक्षदा, विळी आण. आधी हे कापून टाक. लवकर, ती बाहेर यायच्या आत."

लग्नाचे मासे कापायला बोलावलेली मोक्षदा हातभर विळी घेऊन आली, ताटासमोर बसली, तिने माशाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि विळी आडवी ठेवून हात जोडले. "तीस वर्षं मासे कापतेय बाबू. कातला कापला, बोआल कापला. पण पिशीमांना मी कापायची नाही. त्यांनी मला पाचवीत नापास केलंय."

तेव्हा कुठे परेशबाबूंनी स्वतः केलेला चेहरा पहिल्यांदा पाहिला. बाकदार नाक. जुळलेल्या भुवया. गालात पान. हनुवटीवर डावीकडे तीळ. ताटात नवरीच्या वेशात, मुकुट घालून, नाराज चेहऱ्याने बीनापिशी पडल्या होत्या.

 ज्या बाईने जन्मभर लग्न केलं नाही, तिला लग्नाच्याच दिवशी नवरी करून, मासा करून, तिच्याच अंगणात आणून ठेवलं होतं! घूर्णीतला तो कान अजून जागेवर आहे का, म्हणून त्यांनी हात लावून पाहिला.

"झाका," मणिमोहन ओरडले. घाईत त्यांनी लाल कापड रोहूच्या डोक्यावरून नीट पुढे ओढलं. आता तर ती घूंघट घेतलेली लाजरी पिशीच दिसायला लागली.

"काय झाकताय?" दारातून आवाज आला.

अंगण दुभंगल्यासारखं बाजूला झालं. बीनापिशी आल्या. सवाष्णींच्या कामात अडथळा नको म्हणून त्या सकाळपासून आतच होत्या. त्यांनी घूंघट बोटाने मागे सारला आणि पाहिलं. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं. कोपऱ्यातल्या गायीनेही रवंथ थांबवला असावा.

"मी मुद्दाम नाही केलं," परेशबाबू कसेबसे म्हणाले.

"आत्ता तर म्हणालात मुद्दाम केलं. मी आतून ऐकलं."

"ते मला माहीत नसताना म्हणालो. मला ठाऊकच नव्हतं हे कोण आहे. हात करत गेला. पिशी, हवं तर मला हाकला, पण लग्न मोडू नका. बुबाईचा यात काही दोष नाही, त्याला तर जलंगीचा उगमसुद्धा माहीत नाही."

पिशींनी पान गालात सरकवलं. ताटातल्या पिशींचंही त्याच गालात होतं. "किती वेळ लागला?"

"अडीच तास."

"आणि त्या दिवशी माझ्यासमोर बसला होतात ते दोन."  मग पिशी नेहमीपेक्षा हळू बोलल्या. "साडेचार तास. माझ्या चेहऱ्याला इतका वेळ आजवर कुणी दिला नव्हता."

 तितिर पाटावर बसल्या बसल्या मुसमुसायला लागली.

"तू कशाला रडतेस? उन्हं वर आली, हळद लावा तिला," पिशींचा आवाज जागेवर आला. "मणी, फोटो काढ. एक तिचा एकटीचा, एक आम्हा दोघींचा. नीट काढ, तुझं बोट मध्ये येतं."

फोटो निघाले. मग पिशींनी रोहूच्या डोक्यावरचा मुकुट अलगद काढून घेतला, पदर खोचला, मोक्षदाला बाजूला सारलं आणि स्वतः विळीवर बसल्या. खच्च! एका दमात मुंडकं वेगळं झालं. परेशबाबूंनी डोळे मिटून घेतले.

दुपारी पाहुण्यांची पंगत बसली. मानाच्या पाहुण्याला रोहूचं मुंडकं वाढायची रीत आहे. पिशींनी ते स्वतःच्या हाताने परेशबाबूंच्या पानात वाढलं. चंदन धुतलं होतं, नाक गळलं होतं, पण भुवयांचं काजळ तेलात तळूनही पुरतं गेलं नव्हतं. आणि पिशी समोर खुर्ची घेऊन बसल्या.

"संपवा," त्या म्हणाल्या. "डोळे टाकायचे नाहीत."

परेशबाबूंनी संपवलं. त्या मुंडक्याला चव होती की नाही, हे त्यांना विचारू नका. लग्न मात्र त्याच संध्याकाळी निर्विघ्न लागलं आणि बेलादिदीने भावाशी बोलायचं नाही असं ठरवलं.

तिसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे मुलीकडची ताटं कृष्णनगरला आली. मिठाई, साड्या, तेल-साबण-आरसा-फणी, आणि एका वेगळ्या ताटावर चिठ्ठी होती: 'नवऱ्या मुलाच्या मामांसाठी धोतर. बीनापाणी चाकलादार यांनी स्वतः घडी घातली.' सत्तरीला आलेल्या आणि नकाशांखेरीज आयुष्यात काही न काढलेल्या बाईने दोन रात्री जागून धोतराचं कासव केलं होतं. नारळाच्या लाडवाचं गुळगुळीत डोकं. तारेचा चष्मा, एका बाजूला दोऱ्याने बांधलेला. काथ्याच्या झुपकेदार मिशा. मान ऐटीत वर काढलेली आणि एक कान दुसऱ्यापेक्षा जरा लांब.

 बेलादिदी तीन दिवसांनी पहिल्यांदाच हसायच्या बेतात होती आणि तोंड दाबून उभी होती.

परेशबाबूंनी ताटाभोवती एक फेरी मारली. वाकून पाहिलं. आपला दोऱ्याने बांधलेला चष्मा वर सारला आणि जाणकाराच्या सुरात म्हणाले, "हात चांगला आहे बाईंचा. मिशा तर झकास. पण चेहऱ्यात कुणाचीतरी झाक आलीय, आणि नेमकी कुणाची ते काही ध्यानात येत नाही. बघा, शेजारच्या नोनीबाबूंची वाटते का?"

 जयंतीने पलीकडच्या ताटातला आरसा उचलला आणि एका हाताने त्यांच्यापुढे धरला.