सलाइन लावून सभा

"या खेपेस अर्धशिशीला चारी मुंड्या चीत करतो की नाही बघ!" डोक्याला पंचा आवळून नकाशेवाल्यांनी बायकोला बजावलं.

घरांचे नकाशे काढायचे म्हणून इमारतीत सगळे त्यांना नकाशेवालेच म्हणत. दहा वर्षं बाम, ओला रुमाल, अंधारी खोली, सगळं करून झालं होतं. आज तर पाण्याचा घोटही पोटात ठरेना, म्हणून डॉक्टरांनी घरीच सलाइन लावायला सिस्टर पाठवली. तासभर नुसता अंधार! शिवाय पाचची इमारतीची सभाही आयती चुकणार होती. सभेत नवा सेक्रेटरी निवडायचा होता, आणि गच्चीची गळती न् पाण्याची टाकी गळ्यात पडण्यापेक्षा सुई परवडली, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

सिस्टरनी सुई टोचली, बाटली कपाटाच्या दाराला टांगली आणि "हा हात हलवायचा नाही" असा दम भरला. तेवढ्यात बायकोने तळमजल्यावरच्या बाईंना फोन केला. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका आणि इमारतीच्या अध्यक्ष.

"हे नाही येऊ शकत हो. सलाइन लावलंय."

"अगं बाई! मग आम्हीच येतो. नाहीतरी एका माणसासाठी कोरम अडलाय!"

पाच मिनिटांत अकरा माणसं, सात खुर्च्या आणि एक हजेरीवही खोलीत शिरली. कुणीतरी ट्यूबलाइट लावली. नकाशेवाल्यांच्या कपाळात घण बसला.

"किती वाळलात हो!" दुसऱ्या मजल्यावरच्या काकू गहिवरल्या.

"अहो, नुसतं डोकं दुखतंय!"

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात," काकूंनी डोळे टिपले.

मग टाकीवरून तासभर जुंपली. टाकी कुणी धुवायची, किल्ली कुणाकडे, झाकण कुणी फोडलं! सिस्टरही "आमच्या इमारतीत असं चालत नाही" म्हणत भांडणात उतरल्या. नकाशेवाल्यांनी वर बघितलं, तर बाटली रिकामी! आता नळीतून हवा शिरणार आणि आपला कारभार आटोपणार, या धास्तीने त्यांना दरदरून घाम फुटला.

"सिस्टर! अहो सिस्टर!"

कोण ऐकतंय! इकडे बाईंनी वही आपटली. "पुरे! सेक्रेटरी व्हायला कोण तयार आहे ते बोला!"

सगळ्यांच्या नजरा एकदम जमिनीवर. आणि सिस्टरचं लक्ष वेधायला नकाशेवाल्यांनी मोकळा हात ताडकन वर केला.

"शाब्बास!" बाई खुर्चीवरून उठल्याच. "याला म्हणतात माणूस! सुई टोचलेली असताना!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहो, बाटली संपली म्हणून मी हात..."

"एकमताने, असं लिहा," बाईंनी फर्मावलं.

सिस्टरनी धावत येऊन सुई काढली, कापूस दाबला. "घाबरायचं काही नव्हतं हो. बरं, आता डोकं कसं आहे?"

नकाशेवाल्यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. दहा वर्षांत असं हलकं वाटलं नव्हतं!

"गेलं!" ते आनंदाने ओरडले. "पार गेलं!"

"मग उठा, सेक्रेटरी," बाईंनी त्यांच्या चपला पुढे सरकवल्या. "उजेड आहे तोवर टाकीत उतरून बघा."