किनारीत विणलेली किल्ली

गोळीबार चौकातल्या विणकर सोसायटीत कम्प्युटर आला, तेव्हा अध्यक्ष गोपाळरावांनी आधी त्याला हळदकुंकू वाहिले आणि मग विचारले, "याले कुलूप कुठं लावतात?" शेजारचे सोसायटीवाले नक्षी चोरत. म्हणून नव्या लुगड्याची नक्षी कम्प्युटरात बंद करायचे काम सेक्रेटरी मधुकररावांवर आले. कम्प्युटरचा कोर्स केलेले तेवढे तेच होते. कोर्स समजला होता, असे त्यांचेही म्हणणे नव्हते. नक्षी बंद करून त्यांनी कुलपाचे तीन आकडे चिठ्ठीवर लिहिले.

"कुलूप एक, मंग आकडे तीन काहून?" गोपाळरावांनी विचारले.

"एक किल्लीचा. एक, अक्षरं किती वेळा फिरवायची त्याचा. अन् एक, सुरुवात कुठून करायची त्याचा. एक जरी चुकला तरी नक्षी गेली."

"मंग कागदावर ठेवू नका गा, कागद चोरीले जाते. बाबनरावले द्या, विणून ठेवतील."

बाबनराव सोसायटीतले सर्वांत जुने विणकर. जितके लाल धागे तो पहिला आकडा, जितके हिरवे तो दुसरा, जितके पिवळे तो तिसरा, असे ठरले. त्यांनी किनारीचा तुकडा विणून दिला. चिठ्ठी आणि नक्षीचा कागद गोपाळरावांनी स्वतःच्या हाताने बंबात घातले.

मग जबलपूरचे व्यापारी भैयाजी नक्षी बघायला आले. ऑर्डर मिळाली नाही, तर माग बंद पडायची वेळ आली होती. त्यांना चहा देऊन मधुकररावांनी आतल्या खोलीत धागे मोजले, आकडे घातले. पडद्यावर कोंडा उधळावा तशी अक्षरे उधळली. पुन्हा मोजले, पुन्हा कोंडा. त्यांनी मागावरून बाबनरावांना बोलावून घेतले.

"बाबनराव, चिठ्ठीबरहुकूम विणलं ना?"

"विणलं ना. फक्त जराकसं सारखं केलं. इकडे लालची दाटी, तिकडे पिवळे दोनच! लोकं हसले असते ना मले."

"आधी किती होते?"

"वंगाळ गोष्ट कोण ध्यानात ठेवते, भाऊ?"

चहा संपवून भैयाजी आत आले. कोणी काही बोलायच्या आत त्यांनी तो तुकडा उचलून उजेडात धरला.

"वा! हेच तर पाहिजे होतं. सगळ्या मागांवर हीच किनार टाका."

हसावे की रडावे, मधुकररावांना कळेना. जिने कुठलेच कुलूप उघडत नव्हते, ती किल्ली आता घरोघरी नेसली जाणार होती.

भैयाजी गेल्यावर गोपाळरावांनी घाईघाईने दार लावले.

"मधुकरराव, लाखात एक किनार आहे. आताच्या आता कम्प्युटरात बंद करा."

"अन् आकडे?"

"द्या बाबनरावले."