हसुकाकांचा वारा

आधी शिट्टी ऐकू यायची; बारीक, ओलसर, जुन्या बासरीत धूळ अडकल्यासारखी. मग पावले, आणि सर्वांत शेवटी हसुकाका. त्यांची छाती त्यांच्यापेक्षा एक जिना पुढे चालत असे.

हसुकाका मूळचे इथल्याच, खाडीकाठच्या बोनकोडे गावचे. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन एके काळी त्यांचे भातशेत होती. त्यामुळे तिच्यावरच्या हवेची मालकी अजून आपल्याकडेच आहे, असे ते मानत. रोज सकाळी गच्चीवर वारा हुंगून ते निकाल देत: "आज तुर्भ्याच्या कारखान्यांचा वारा हाय, खिडक्या लावा!" किंवा, "खाडीचा हाय, खुशाल घ्या!"

दम्याच्या माणसाने इतके बोलू नये, असे मी एकदा सुचवले.

"गो बाय, दमा छातीला हाय, जिभेला नाय!"

उत्तरासाठी ते कधी थांबत नसत. काकी गेल्यापासून तर दार सताड उघडे ठेवून ते जिन्याशीच बोलत.

एका दुपारी शिट्टी बंद झाली. त्या शांततेनेच मी धावले. काका चौकट धरून वाकलेले, ओठ जांभळट. आणि तोंडात एक शब्द नाही.

इस्पितळात नाकातोंडावर घट्ट मास्क बसला. त्यामागचे यंत्र हवा आत ढकलू लागले. "छाती थकलीय त्यांची," डॉक्टर म्हणाल्या. "मास्क टिकला तर बरं. नाहीतर घशात नळी घालावी लागेल."

जरा हवा मिळताच काकांनी मास्क उचलला. "मी भायेर सोडतंव... आन ह्यो आत ढकलतंय!"

यंत्र किंचाळले. नर्सने मास्क बसवला. काकांनी पुन्हा उचलला. "याची हवा... कंच्या गावची?"

"ताई, तुम्हीच बोला काहीतरी," नर्स वैतागून मला म्हणाली, "म्हणजे हे गप्प बसतील."

इतक्या वर्षांत त्यांच्यापुढे माझी सलग दोन वाक्ये झाली नव्हती. मी खिडकीची फट उघडली. "काका, खाडीचा वारा आहे. चिखलाचा वास येतोय. थोडा मिठाचाही."

मास्कवरचा हात खाली आला. मी गच्चीवर वाळत घातलेले पापड सांगितले, काकींच्या सुकटीचा जिनाभर पसरणारा वास सांगितला. हळूहळू यंत्र आणि छाती एका लयीत चालू लागली. आत कुठेतरी शिट्टीही परतली.

मग माझे शब्द संपले. यंत्राचा फुत्कार तेवढा उरला. काकांचा हात पुन्हा वर गेला, तशी नर्स पुढे सरसावली. पण त्यांनी मास्क उचलला नाही. उलट नीट दाबून धरला. पारदर्शक कडेवर वाफ धरली आणि आतून एकच शब्द आला:

"बोल."