तांबड्या तळ्याची मोहीम

दप्तरी नोंद राहावी, पुढील साहेबांस अक्कल यावी, न आल्यास आमचा इलाज नाही, सबब हे वर्तमान लिहिले.

शके एकोणीसशे सेहेचाळीस, पौष मास. गोमंतकी डिचोली महालीं एका लोहखनिजाच्या खाणीच्या खंदकातील तांबडे पाणी उपसून तळ्यात घ्यावे, निवळल्यावर ओहोळात सोडावे, ऐसा दंडक; परंतु पाणी निवळेना, तांबडेच ओहोळात उतरे. ओहोळाखाली शेवंतीबाईंचे वायंगण, म्हणजे हिवाळी पिकाचे, शेत, भाताच्या रोपांचा तरवा दुसरेच दिवशी लावावयाचा. बाईंनी तळ्यावर येऊन अर्ज गुजारिला, “साहेब, फाल्या तरवो लावचो आसा. ह्या तांबड्या चिखलान तो कुजतलो!”

मग खाणीचे सरसुभेदार अभिजीतसाहेब टाय आवळून मोहिमेस निघाले. गाळ बसविणारी पॉलिमरची बुकणी मूठभर घालावी, ऐसे पोत्यावर छापिले होते. परंतु मूठभर घालणे हलक्या मनुष्यांचे काम, ऐसे मनी आणून साहेबांनी सबंध पोते तळ्यात रिते करविले, आणि पाणी तांबडे होते ते तांबडे राहून वर बुळबुळीत जाहले.

मग कोल्हापूर प्रांतीचा कामगार केरबा, ज्याचा बाप गुऱ्हाळावर गुळव्या, याने विनविले, “साहेब, उसाचा रस निवळाय भेंडीचं पाणी घालत्यात, पण मापात. जादा झालं की मळीच धरत न्हाई.” मर्म ऐसे की, बुकणीचे धागे थोडे असता एक टोक या कणास आणि दुसरे त्या कणास धरी, मग जमाव जड होऊन तळास बसे, परंतु धागे उदंड होता प्रत्येक कणास स्वतंत्र पोशाख मिळाला, आणि पोशाख मिळालेला सरदार कोणाचा हात धरीना. साहेबांनी अर्ज नामंजूर केला, आणि आणखी दोन पोती आणावयास जातीने वास्कोस कूच केले.

मागे केरबाने बादलीत अजमास घेतला, आणि पंप चालवून तळ्यात आणखी तांबडे पाणी सोडिले. “हो तर आनीक पिसो!” म्हणोन, हा साहेबाहून वेडा ऐसे जाणून, बाईंनी कपाळास हात लाविला. परंतु नवे उघडेबोडके कण येताच पोशाखांची वाटणी जाहली, हातात हात पडले, आणि तिसरे प्रहरी गाळ तळास जाऊन ओहोळात पाणी ऐसे आले की बाईंस त्यात आपली पाउले दिसली. बाईंचे डोळे भरले. आमचेही भरले, परंतु बखरकारास ते शोभत नाही.

साहेब परतले, निवळ पाणी पाहिले, दोन्ही पोती तळ्याकाठी मांडून मध्ये उभे राहिले, आणि फोटो काढविला. केरबास बेपरवानगी पंप चालविल्याचा मेमो दिला. दुसरे दिवशी शेवंतीबाईंनी तरवा लाविला.

येणेप्रमाणे फत्ते साहेबांची, आणि मानकरी सदर दोन पोती, ऐसे कंपनीचे दप्तरी दाखल जाहले. पोत्यांची शिवण अद्याप उसवलेली नाही, इतकेच आम्ही आमचे पदरचे दाखल करितो.