मामांनी लाँचवर चहा घेतला

आमच्या गंगाधरमामांनी चहा नाकारला की यजमान पानसुपारीचं तबक आत पाठवायचे, आणि त्यांनी कप उचलला की घरातली बाई आत जाऊन देवापुढे साखर ठेवायची.

त्याचं असं, की आमच्याकडे सोयरिकीसाठी कुणाचं घर बघायला गेलं, तर मन पक्कं होईपर्यंत तिथला चहा घ्यायचा नाही अशी रीत. चहा घेतला म्हणजे होकार दिला. बाकीचे लोक ही रीत लग्नापुरती पाळायचे. मामांनी ती सगळ्या आयुष्याला लावली होती. कापडदुकानात गेले तर धोतरजोडी उन्हात धरून, ओढून, नाकाला लावून पसंत पडेपर्यंत दुकानदाराच्या चहाकडे बघायचे नाहीत. एकदा चपला घ्यायला गेले आणि उन्हातून आल्यामुळे भान सुटून आधी चहा पिऊन बसले. चपला अंगठ्याला चावत होत्या. पण चहा झाला होता. त्या चपला त्यांनी दोन वर्षं वापरल्या, लंगडत.

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. वालूरला राहायचे. बायको लग्नानंतर वर्षा-दीड वर्षात गेलेली, मूलबाळ नाही, दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. शाळा निजामाच्या काळातली, त्यामुळे आकडे उर्दूत लिहायचे आणि कुठल्याही तपासणीला ‘मुआयना’ म्हणायचे. ‘मुआयना केल्याबिगर आमी हो म्हनत न्हाई,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सगळ्या भावकीच्या लग्नांचा मुआयना त्यांच्याकडे. देवगाव फाट्याजवळचं एक चांगलं बागायतदाराचं स्थळ त्यांनी नाकारलं, कारण त्या घरात पाण्याचा माठ इतका उंच ठेवला होता की सुनेला टाचा उंचावूनच पाणी घ्यावं लागलं असतं. ‘पोरगा दोन दिवस नटून बसतो. माठ नटत न्हाई,’ म्हणाले.

माझाही मुआयना त्यांनीच केला. माझ्या माहेरी आले, माझ्याकडे धड बघितलंही नाही, सरळ मागच्या अंगणात गेले आणि तासभर आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याजवळ बसले. परत येऊन चहा मागितला. लग्नानंतर मी कारण विचारलं तर म्हणाले, ‘बाहेर भांडं पडलं तरी कुत्रं दचकत नव्हतं. म्हंजे घरात आरडाओरड न्हाई.’ आता त्यांना कोण सांगणार, आमचं कुत्रं ठार बहिरं होतं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण माझी लेक पिंकी. परवा ती तिच्या दोन वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन मोबाइलवर क्रूझ निवडत होती. कुठल्या जहाजावर लहान मुलांची खोली आहे, कुठे गुडघाभर पाण्याचा हौद आहे, कुठे रंगवायला देतात. मला म्हणाली, ‘आई, तुमच्या वेळी असा विचार कोण करत होतं गं?’

मी म्हटलं, एक माणूस करत होता.

विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे आणि बंद चालू होते, त्या वर्षांतली गोष्ट. आम्ही परभणीत भाड्याच्या घरात राहायचो. ह्यांची सरकारी नोकरी, आणि त्या वर्षी प्रवासाची सवलत मिळणार होती. मी चोवीस वर्षांची होते आणि जगातलं सगळं मला कळतं अशी माझी खात्री होती. आमची शेजारीण आगबोटीने मुंबईहून गोव्याला जाऊन आली आणि महिनाभर ओट्यावर बसून डेक, डेक करत राहिली. झालं. आपणही आगबोटीनेच जायचं, हे मी ठरवलं. ह्यांना सांगायच्या आधी मी ते गल्लीला सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं. काळा चष्मा घेतला. तो घालून मी बाजारात शेपू आणायला जायची. शेपू समजून दोनदा कोथिंबीर आणली, पण चष्मा काढला नाही.

अडचण एकच. पिंकी पावणेदोन वर्षांची होती आणि पाणी दिसलं की त्यात शिरायची. बादली, हौद, म्हशीचं घमेलं, काहीही. सासूबाई म्हणाल्या, ह्या पोरीला घेऊन समुद्रात जाणं म्हणजे मांजराला दुधाच्या डेअरीत नेणं. मी रडले, जेवले नाही, माहेरी जाते म्हणाले. शेवटी सासूबाईंनी निकाल गंगाधरमामांवर सोपवला. गंगाधर हो म्हणाला तर जा, नाही म्हणाला तर पुन्हा विषय काढायचा नाही.

माझं सगळं आता त्या म्हाताऱ्याच्या कपबशीत अडकलं.

मामा आले. मी चहा आधीच करून ठेवला होता, वेलदोडा घालून. त्यांनी कप बाजूला सारला आणि विचारलं, ‘बोटीवर लेकरू दिवसभर करंल काय?’

हा प्रश्न त्या काळी परभणी जिल्ह्यात कुणी विचारला नसेल. मोठ्यांनी प्रवास करायचा आणि लेकराने रडायचं, अशी कामाची वाटणीच होती. मी म्हटलं, समुद्र बघेल.

‘समुद्र ती एकदा बघंल. मंग?’

मी कप पुन्हा त्यांच्याकडे सरकवला. मामा म्हणाले, आधी लेकराचा मुआयना. दुसऱ्या दिवशी सकाळपासून हा साठीचा माणूस, धोतर खोचून, हातात वही घेऊन पिंकीच्या मागे मागे. ती ओट्याखाली शिरली की हेही वाकून ओट्याखाली. ती बसली की हे बसले. संध्याकाळी त्यांनी वही वाचून दाखवली. सकाळी सव्वा आठपासून पाऊण तास, सगळ्यांच्या चपला एकेक करून दाराच्या ह्या अंगाहून त्या अंगाला नेणं. मग त्याच चपला परत जाग्यावर आणणं. मग ज्वारी मापात भरून सांडणं. मुंगीच्या मागे जाणं, मुंगी हरवल्यावर रडणं, दुसरी मुंगी सापडल्यावर हसणं. दुपारी कुणाच्या तरी अंगावर पडून झोपणं. ‘हे सगळं बोटीवर व्हाया पायजे,’ मामा म्हणाले. ‘ज्या घरी आपली पोरगी ऱ्हाणार, तिथं तिला तिच्यासारखं ऱ्हाता आलं पायजे. बोट झाली म्हनून काय.’

मी आत जाऊन कपाळावर हात मारून घेतला. नुसता मारला नाही, त्यांना ऐकू जाईल असा मारला.

मग त्यांनी एका सुतळीने पिंकीच्या डोक्याची रुंदी मोजली, सुतळीला गाठ मारली आणि म्हणाले, मी मुंबईला जाऊन येतो. पत्र घालून विचारू म्हटलं, तर ऐकेनात. आगाऊ कळवून गेलं की घर सारवून ठेवतात, बोटवालेही ठेवतील. भाकरी, ठेचा आणि तांब्या घेऊन ते गाडीत बसले. मनमाडला गाडी बदलायची, आणि वाटेत कुठेही चहा नाही, कारण मुआयना सुरू झालेला.

चौथ्या दिवशी परत आले. मी काळा चष्मा पुसून, नवी नायलॉनची साडी उशाशी घेऊन बसले होते.

मामांनी क्रमाने सांगितलं. आधी ते गोव्याच्या आगबोटीकडे गेले. तिथल्या हमालाला म्हणाले, स्थळ बघायला आलोय. हमाल हसून आत घेऊन गेला. बोट त्यांना आवडली. ‘लय खानदानी हाय. पन जाणत्या मानसाची हाय. लेकराला रात्रंदिस धरून बसावं लागंल, आन धरून ठेवलेलं लेकरू कैद्यावानी ऱ्हातं.’ सुतळीच्या मापाने कठड्याच्या गजांतून पिंकीचं डोकं अलगद आरपार गेलं असतं. चहा घेतला नाही. मग घारापुरीची लेणी बघायला जाणाऱ्या लाँचकडे गेले. तिथे सगळे फोटो काढणारे. लेकराकडे बघायला कुणाला सवड दिसेना. तिथेही घेतला नाही.

मग भाऊच्या धक्क्यावर ते नुसतेच बसले होते. समोर पलीकडच्या किनाऱ्यावर रेवसला जाणारी साधी लाँच लागलेली. कोळणी, त्यांच्या माशांच्या पाट्या, शाळामास्तर, सायकली नेणारी माणसं. तिचा सारंग, म्हणजे चालवणारा, म्हातारा होता. त्याच्याशी मामांचं उर्दूत सूत जुळलं. त्याचा दोन वर्षांचा नातू लाँचवरच होता. कमरेला मऊ फडक्याचा पट्टा, पट्ट्याची दोरी खांबाला, आणि दोरीच्या टप्प्यात तो प्रवाशांच्या पाट्यांमधून फिरत होता. लाँचच्या कडा फळ्यांनी बंद होत्या, सुतळी घालायलाही फट नव्हती.

‘मंग त्या पोरानं काय करावं?’ मामा सांगता सांगता थांबले. ‘आपलं अर्धं खाल्लेलं बिस्कुट आनून माझ्या हातात देलं. आन समोर उभं ऱ्हाऊन बघायलंय, मी खातो का न्हाई. आता दोन दिस कोरड पडलेल्या तोंडात कोरडं बिस्कुट कसं उतरावं, सूनबाई? सारंगानं कप पुढं केला. मी बुडवलं.’



‘म्हणजे तुम्ही चहा घेतला?’ मी विचारलं.

‘घेतला. चूक झाली म्हन. पन आता झाला.’

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी छताकडे बघितलं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, गंगाधरने चहा घेतला ना, मग संपलं. अपील नव्हतंच. गोव्याच्या आगबोटीऐवजी मला कोळणींच्या पाट्यांशेजारी बसून दीड तासाची रेवसची फेरी मिळाली, एका उष्ट्या बिस्किटापायी. मी आठ दिवस मामांशी बोलले नाही. गल्लीला सांगितलं, गोव्याला पाऊस फार आहे म्हणून बेत बदलला. जानेवारी महिना होता.

त्या आठ दिवसांत मामांनी वालूरच्या शिंप्याकडून जुन्या धोतराचा पट्टा शिवून आणला. पिंकीला तो रोज थोडा वेळ बांधून सवय केली. दोरीचं दुसरं टोक खांबाला बांधायचं नाही म्हणाले. खांब काय, लक्ष देत नाही. टोक त्यांच्या मनगटाला. म्हणजे मामाही आमच्याबरोबर येणार, हे आम्हाला असं कळलं.

आम्ही मुंबईला गेलो, लाँचवर बसलो. मी नायलॉनची साडी, काळा चष्मा, तोंड फुगवलेलं. लाँच सुटली आणि दहाव्या मिनिटाला मी ओकायला लागले. पाणी तळ्यासारखं संथ होतं, असं नंतर सगळ्यांनी मला मुद्दाम सांगितलं. एका कोळणीने माझ्या नाकाला लिंबू लावलं, दुसरीने पाठ चोळली, आणि माझा काळा चष्मा समुद्रात पडला. आगबोटीवर हा दीड तास पुरा एक दिवस आणि एक रात्र झाला असता, एवढा हिशेब मला त्या अवस्थेतही जमला. मी मनातल्या मनात त्या बिस्किटाला हात जोडले.

पिंकीला काहीही झालं नाही. तिने लाँचभर लोकांनी काढून ठेवलेल्या चपला बघितल्या आणि तिचे डोळे मोठे झाले. एवढ्या चपला तिने जन्मात पाहिल्या नव्हत्या. तिने एकेक उचलून पलीकडे न्यायला सुरुवात केली. मामा दोरी सैल सोडत तिच्यामागे वाकून चालत होते आणि सगळ्यांची माफी मागत होते. कोळणी हसून पाय उचलून देत होत्या. एका मास्तरांचा बूट तिने पाटीत टाकला, मास्तरही हसले. सारंगाचा नातू तिला दुसऱ्या बाजूने चपला आणून देत होता. मग दमली. मामा फळीला टेकून बसले होते, त्यांच्या छातीवर चढली, सदऱ्याची गुंडी मुठीत धरली आणि झोपली.

रेवस आलं. माणसं उतरायला लागली. जमीन दिसल्यावर माझ्यात जीव आला. मी सगळ्यांना ढकलून पुढे गेले आणि एक पाय धक्क्यावर ठेवला. हे मागे मामांना म्हणत होते, द्या तिला माझ्याकडे, तुम्ही उतरा.

मामा हलले नाहीत. दोन्ही हात बाजूला, अगदी फळीसारखे बसलेले. श्वाससुद्धा बेताने घेत होते.

‘थोडं थांब रं,’ ते हळूच म्हणाले. ‘माझ्या अंगावर आजवर कुनी झोपलं न्हाई.’

ह्यांनी पुढे केलेले हात मागे घेतले. इतक्या घरांच्या लेकीबाळींची सोय बघत फिरलेला हा माणूस, आणि साठ वर्षांत एक लेकरू त्याच्या छातीवर झोपावं म्हणून त्याला असं रेवसच्या लाँचपर्यंत यावं लागलं. मी धक्क्यावरचा पाय परत आत घेतला, पुन्हा फळीवर येऊन बसले आणि कोळणीने दिलेलं लिंबू नाकाशी धरलं. सारंगाने विचारलं, उतरायचं नाही का? मी मानेनेच नाही म्हटलं.

अर्ध्या तासाने लाँच परत सुटली. पिंकी भाऊच्या धक्क्यापर्यंत झोपून होती. मला वाटेत दोनदा ओकारी झाली. दोन्ही वेळा मी आवाज होऊ दिला नाही.